गाडी सोडून पळाला

तिसऱ्या कंपनीनेही नकार कळवला, तेव्हा उर्सुलाने नवऱ्यासमोर चहाचा कप आदळला.

"इतकी वर्षं ट्रक चालवतोस. कुणाला धक्का नाय, कसला दंड नाय. मग नाय कशाला बोलतात? जाऊन विचार की!"

अल्फान्सो तसाच उठून त्या कंपनीच्या कोपरीच्या ऑफिसात गेला. ड्रायव्हरांची भरती बघणाऱ्या संचिताने त्याला चौकशीचा रिपोर्ट उघडून दाखवला. जुन्या मालकांनी, बाबुरावांनी सांगितलं होतं : 'भरलेली गाडी रस्त्यात सोडून पळाला.'

"पळालो ना," अल्फान्सो म्हणाला.

संचिता बघतच राहिली.

"मॅडम, झेंडू भरलेला. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला चाललेलो. फुलांसोबत मधमाश्या पण आलेल्या, त्या घुसल्या केबिनमध्ये. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, हँडब्रेक ओढला, मगच पळालो."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाय."

संचिता ओशाळली. तिने तिथल्या तिथे बाबुरावांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पळपुटा आहे हो तो!" बाबुराव गरजले. "माझा माल वाऱ्यावर सोडला!"

"मधमाश्या होत्या म्हणे."

"असतील चार-दोन! म्हणून पळायचं?"

"पण गाडी नीट उभी करून उतरले ना?"

"ते मला काय माहीत? तो माझ्या मागून पळत होता!"

ऑफिसात सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"मागून?" संचिताने विचारलं. "म्हणजे तुम्ही पुढे होतात?"

"मी... मी मदत आणायला निघालेलो."

"धावत?"

"मदत धावतच आणतात, मॅडम!"

"शेठ," अल्फान्सो फोनकडे वाकून अदबीने म्हणाला, "तुमची एक चप्पल गाडीत राहिलेली. तीच घेऊन मागे येत होतो. किती हाका मारल्या, थांबलातच नाय."

बाबुरावांनी घाईघाईने फोन ठेवला.

दुपारी बाबुरावांकडून सुधारलेला मजकूर आला : 'मधमाश्यांमुळे सर्वांनी गाडी सोडली. ड्रायव्हरने ती आधी सुरक्षित उभी केली होती.' संचिताने अल्फान्सोला सोमवारपासून कामावर यायला सांगितलं.

तो जिना उतरून गेल्यावर थोड्याच वेळात पुन्हा बाबुरावांचा फोन.

"मॅडम, मालकांबद्दलचा असा रिपोर्ट ड्रायव्हर लोकांना मिळत नाही ना हो?"

संचिताने खिडकीतून खाली पाहिलं. चहाच्या टपरीवर ड्रायव्हरांच्या घोळक्यात अल्फान्सो एका पायावर उड्या मारत काहीतरी रंगवून सांगत होता.

"लेखी तरी नाही," ती म्हणाली.