लवंगेचं पांढरं पाणी

तेलाची दोन झाकणं पुरे होती, पण ग्युहोनं चार घालायचं ठरवलं. सासुरवाडीचा मामला, हयगय नको!

बे ग्युहो कोरियातल्या गुन्सानच्या एका प्रयोगशाळेत अन्नातले जंतू मारायच्या खटपटीत असे. लवंगेचं तेल पाण्यात असं घुसळायचं, की दुधासारखं पांढरं पाणी व्हावं. त्यात भाजी बुडवली की जंतूंचा कारभार आटोपला. (भाजीची चव कशी लागते ते कुणी पाहिलं नव्हतं. ते काम दुसऱ्या खात्याचं.)

आज सासऱ्यांचा वाढदिवस. गच्चीतल्या कुंड्यांमधली लेट्यूसची पानं, त्यात भाजलेलं डुकराचं मांस गुंडाळायचं, असा बेत. सासरे पानं नुसती झटकत आणि म्हणत, "घरची माती आहे, औषधी!" त्यांना तोंडावर सांगायची ग्युहोची छाती नव्हती. त्यानं गुपचूप स्वयंपाकघरात मोठ्या भांड्यात बाटलीतलं तेल घुसळून पांढरं पाणी केलं, पानं बुडवली, मग नळाखाली खळखळून धुतली आणि विजयी मुद्रेनं बाहेर नेली.

भांडं मात्र ओट्यावरच राहिलं.

सासूबाई आत आल्या. सर्दीनं त्यांचं नाक चोंदलेलं. पांढरं पाणी पाहून त्या सुखावल्या. "तांदळाचं धुवण! पोरीनं आठवणीनं ठेवलंय हो." कालवणाला त्यानं दाटपणा येतो. अख्खं भांडं त्यांनी सोयाबीनच्या कालवणात उपडं केलं.

जेवायला बसल्यावर सगळ्यांनी दोन-दोन चमचे ओरपले. सासरे थबकले.

"माझी दीभ कुठाय?"

"तोंडातत अथेल, बाबा," त्यांची लेक सोल्ही म्हणाली आणि दचकून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तू काय केलंथ?"

ग्युहोला लवंगेचा वास आला, आणि घामही. "लवंगेतं ते'... ते'..." तेलातला शेवटचा 'ल' काही जिभेवर येईना.

"ते गेले?" सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई! कोण गेले?"

"कोणी नाही, ते'! ते'!"

"नाव तरी थांग मेल्या!" सासरे ओरडले.

शेवटी ग्युहोनं बाटली आणून दाखवली, पानं बुडवल्याचा अभिनय केला, आणि जंतू मरतात कसे तेही (जमिनीवर आडवं पडून) करून दाखवलं. मग सासूबाईंना जे हसू फुटलं, ते आवरेचना. सासऱ्यांच्या हनुवटीवरून कालवण ओघळत होतं, त्यांना पत्ताच नव्हता. ते बघून सोल्हीही लोळली. चव कशालाच नव्हती, तरी मांस संपलं, पानं संपली, आणि इतकं हसून कुणी कधी जेवलं नव्हतं.

चार दिवसांनी सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, त्या पाण्याची आणखी एक बाटली आणा."

ग्युहोचा ऊर भरून आला. "पटलं ना, बाबा? पानांसाठी ना?"

"छे हो! संडासात मारायला. वास काय झकास आहे! फक्त मारताना तोंड मिटून ठेवायचं, एवढं कळलंय मला."