विहीणबाईंसाठी स्पॅनिश

मी सत्तावन्नाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला घेतली, त्याला कारण एक 'यस'.

झालं असं की आमच्या मुलीनं परदेशात लग्न केलं. जावई बेकरीवाला, घरी-दारी स्पॅनिश बोलणारा, आणि स्वभावानं इतका गरीब की त्याच्याविरुद्ध बोलायला आम्हाला काही सापडेना. (हिनं दोन आठवडे प्रयत्न केला.) लग्न तिकडच्या कचेरीत सह्या करून झालं आणि आम्ही ते फोनवर पाहिलं. सह्या झाल्या, तशा जावयाच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, फोनसमोर आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून माझ्याशी चांगली तीन मिनिटं बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. मधेच त्या थांबल्या. उत्तराची वाट बघत असाव्यात. मी म्हणालो, "यस, यस." त्या आणखी काही बोलल्या, पुन्हा थांबल्या. मी पुन्हा "यस." त्यांचा चेहरा जरासा उतरला, आणि तेवढ्यात कुणीतरी फोन दुसरीकडे नेला.

"तुम्ही कशाला हो म्हणालात, ते ठाऊक आहे का?" हिनं नंतर विचारलं.

ठाऊक नव्हतं. मुलीला विचारलं, तर गडबडीत तिनंही ऐकलं नव्हतं. ते माझ्या मनाला लागलं. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी नोंदवून घेतो. नळाला पाणी नाही, मीटर उलटा फिरतो, असं समोरचा जे म्हणेल ते शब्दशः लिहून घ्यायचं. एकतीस वर्षं लोकांचं ऐकून घेण्याचाच पगार खाल्ला, आणि पोटच्या मुलीच्या सासूला मी 'यस'वर वाटेला लावलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी ठरवलं. मुलीला सांगितलं, पण विहीणबाईंना कळवू नकोस म्हणून बजावलं. भेटतील तेव्हा थेट त्यांच्या भाषेत बोलून चकित करायचं होतं. (त्या चकित झाल्या. पण ते पुढे येईल.)

सुरुवात फोनपासून केली. फोनवरचा तो धडा रोज पाच वाक्यं शिकवायचा आणि बरोबर आलं की टाळ्या वाजवायचा. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती, त्यामुळे मी त्याच्या नादी लागलो. दोन महिन्यांत मला 'कासव दूध पितं' आणि 'माझ्या काकांची टोपी हिरवी आहे' ही वाक्यं अस्खलित येऊ लागली. अडचण एवढीच, की विहीणबाई कासवाचा विषय काढतील अशी खात्री देता येत नव्हती.

मग कचेरीतल्या टायपिस्टनं सुचवलं, की घरातल्या वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवा. मी कपाट, फ्रीज, खुर्ची, आरसा, सगळ्यांना चिठ्ठ्या डकवल्या. स्पॅनिशमध्ये प्रत्येक निर्जीव वस्तू एकतर बाई असते नाहीतर बुवा. मराठी माणसाला त्याचं काही विशेष वाटत नाही. आपली खुर्चीही 'ती' आणि पंखा 'तो' आहे, आणि का ते आपण कधी विचारलेलं नाही. एक चिठ्ठी मी हिच्या पदराला लावली, 'एस्पोसा', म्हणजे पत्नी. हिला जरा बरं वाटलं. पण पुढे शब्दकोशात पाहिलं, तर याच शब्दाचं अनेकवचन म्हणजे पोलीस घालतात त्या बेड्या. हे मी हिला सांगायला नको होतं. त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या केराच्या डब्यात गेल्या, डब्यावरच्या चिठ्ठीसकट.

शेवटी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात सगळी विशीतली पोरं. शिकवणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची. मला सर म्हणावं की काका, हे तिचं ठरेना, म्हणून ती मला 'सरकाका' म्हणायला लागली आणि पंधरा दिवसांत सगळा वर्ग म्हणायला लागला. तिथं माझी जीभ नडली. स्पॅनिशमध्ये 'पेरो' म्हणजे 'पण', आणि तोच 'र' जरा जोर लावून म्हटला की त्याचा अर्थ होतो कुत्रा. मी जन्माचा कारकून, सगळं ठासून बोलायची सवय. "मी कारकून आहे, कुत्रा मी सुखी आहे," असं मी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगितलं. कुणी हसलं नाही. पोरं फार चांगली होती.

घरी सरावाला माणूस म्हणजे हीच. आभारांवर तिकडे 'दे नादा' म्हणतात, त्यात काय एवढं अशा अर्थी. मी आंघोळीनंतर ते घोकत होतो, तर दाराच्या फटीतून हिनं लेंग्याचा नाडा आत सरकवला. दोन वेळा. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, किती नाडे लागतात तुम्हाला?"

आठ महिने असे गेले. मग मुलीचा फोन आला, की सगळे पंधरा दिवसांसाठी येताहेत. आणि निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन आला. जावयाच्या पासपोर्टची मुदत संपली होती, नवा मिळून ते दोघं निघेपर्यंत चार दिवस उशीर होणार होता, आणि विहीणबाईंचं तिकीट काही बदलून मिळत नव्हतं.

"बाबा, त्या एकट्याच पुढे येतील. चार दिवस तुम्हाला जमेल ना?"

इथे कुठलाही शहाणा माणूस 'बघतो' म्हणाला असता. मी म्हणालो, "जमेल म्हणजे? अगं, तू निर्धास्त राहा."

विमानतळावर विहीणबाई भेटल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, नाक लाल, डोळ्यांना पाणी. मी पाठ केलेलं स्वागताचं भाषण तिथंच उभ्याउभ्या म्हटलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि शेवटी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी हिच्याकडे पाहिलं. माझ्या शिक्षणाकडे ही पहिल्यांदाच आदरानं बघत होती.

घरी पोचल्यावर विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला आणि जराशा संकोचानं म्हणाल्या, "एस्तोय कोन्स्तिपादा."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. वाक्यातला शब्द न् शब्द मला कळला होता. 'एस्तोय' म्हणजे मी आहे. आणि दुसरा शब्द तर शिकायचीही गरज नव्हती, कॉन्स्टिपेशन कुणाला कळत नाही? मी हिला स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच सांगितलं, की बाईंचं पोट साफ होत नाहीये.

"पोट?" ही म्हणाली. "अहो, त्यांना सर्दी झालीय. नाक बघितलंत का?"

"त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय."

"मग शिंकताहेत कशाला?"

"प्रवासाचा शीण असेल. स्पॅनिश तुला येते की मला?"

 वाफ द्यायला म्हणून हिनं पाणी तापत ठेवलं होतं, ते मी उतरवायला लावलं. फोनवर भाषांतराची सोय असते, त्यातून एकदा विचारून बघा, असंही ती म्हणाली. पण आठ महिने शिकलेला माणूस घरात असताना यंत्राला विचारायचं, हे मला मानवलं नाही.

पहिल्या दिवशी पपई आणि भिजवलेले अंजीर दिले. त्यांनी आवडीनं खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह आणून विचारलं, "कोन्स्तिपादा?" त्यांनी खिन्नपणे मान हलवली आणि शिंकल्या. मी औषधांच्या दुकानात गेलो, पोटाचं चूर्ण आणलं आणि दुपटीनं दिलं. संध्याकाळी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, आवाज आणखी बसलेला. मग मात्र मी एरंडेल काढलं. विहीणबाईंनी पेल्यात डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्याकडे पाहुणा जसा यजमानाचा मान राखतो तसं डोळे मिटून पिऊन टाकलं. वर "ग्रासियास" म्हणाल्या. मी म्हणालो, "दे नादा."

तिसऱ्या दिवसाबद्दल मी फार सांगणार नाही. सकाळपासून विहीणबाई बाथरूममध्ये होत्या. मधून मधून बाहेर येत, सोफ्यापर्यंत पोचत, आणि परत जात. आतून शिंकांचे आवाज येत होते. मुलीचा फोन रोज माझ्या फोनवर यायचा, कारण विहीणबाईंचा फोन इथं लागत नव्हता. आदल्या दोन्ही दिवशी मी "त्या झोपल्यात" म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "कामात आहेत."

दुपारी त्या सोफ्यावर टेकल्या आणि उठेनात. चेहरा पांढराफटक, हात गार. हिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि चप्पल घालून डॉक्टरांना आणायला गेली. मी विहीणबाईंच्या उशाशी बसलो. खरं सांगतो, तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. मुलीनं पहिल्यांदा काही विश्वासानं सोपवलं होतं, आणि मी ते तीन दिवसांत या अवस्थेला आणून ठेवलं होतं. धीर द्यावा म्हणून एखादं वाक्य आठवायला गेलो, तर कासव दूध पितं एवढंच आठवलं.

डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली आणि म्हणाले, साधी सर्दी आहे, पण अंगातलं पाणी इतकं कशानं गेलं? मी चूर्णाची बाटली दाखवली. मग एरंडेलाची. ते दोन्ही बाटल्या हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात मुलीचा फोन आला. डॉक्टरांनी मला विचारलं नाही. फोन घेतला आणि सरळ विहीणबाईंच्या कानाला लावला. पाच मिनिटांनी तो माझ्याकडे आला.

"बाबा," मुलगी अगदी शांतपणे म्हणाली. (तिची आई चिडली की अशीच बोलते.) "सासूबाईंच्या भाषेत 'कोन्स्तिपादा' म्हणजे सर्दी झालेली. फक्त सर्दी."

तिनं बहुधा विहीणबाईंनाही सगळं उलगडून सांगितलं होतं, कारण सोफ्यावरून एक बारीक आवाज आला. आधी मला वाटलं, रडताहेत. पण त्या हसत होत्या, अंगात त्राण नसताना, खोकल्याची उबळ येईपर्यंत. मग ही हसली. मग डॉक्टर. मीठ-साखरेचं पाणी करायला मी स्वयंपाकघरात गेलो आणि गरजेपेक्षा बराच वेळ ढवळत राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी विहीणबाई उठून स्वयंपाकघरात येऊन बसल्या. नाक अजून लाल, पण चेहऱ्यावर रंग आला होता. ही अंघोळीला गेली होती. मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. गेल्या आठ महिन्यांत मी एकच परिच्छेद खराखुरा तयार केला होता, वर्गातल्या बाईंकडून तीनदा तपासून घेतलेला. तो मी त्यांना सांगितला, एकेक शब्द सावकाश. की लग्नात तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं नाही, त्याची मला लाज वाटते. की माझी मुलगी जरा तापट आहे, पण मनानं चांगली आहे. की आम्ही लांब आहोत. तिथं तिला आईची आठवण आली, तर ती तुम्ही व्हा.

शेवटी शेवटी माझा आवाज नीट राहिला नाही. विहीणबाईंचेही डोळे भरून आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोक्याला लावले आणि पुष्कळ काही बोलल्या. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण या वेळी मी 'यस' म्हणालो नाही. नुसती मान हलवली. इतकं हलकं मला वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगी आणि जावई आले. सासू-सुनांचं आतल्या खोलीत अर्धा तास बोलणं चाललं होतं. मग मुलगी स्वयंपाकघरात आली आणि माझ्या शेजारी बसली. राग गेलेला दिसत होता.

"बाबा, सासूबाईंना तुम्ही फार आवडलात," ती म्हणाली. "म्हणाल्या, चार दिवस एवढं बोललात त्यांच्याशी, कंटाळला नाहीत."

"मग?" मी हिच्याकडे बघत म्हणालो.

"त्यांना एकच कळलं नाही. त्या विचारत होत्या, त्यांना कळत नाही हे दिसत असूनही बाबा सगळा वेळ मराठीतच का बोलत होते?"

हिनं तोंडाला पदर लावला. मी कसाबसा म्हणालो, "आणि आज सकाळी? सकाळचं तरी त्यांना कळलं ना?"

"हो, ते कळलं," मुलगी माझ्या हातावर थोपटत म्हणाली. "तेच सांगायला आले मी. म्हणाल्या, बिचारे रडायला लागले. त्यांना सांग, एरंडेलाबद्दल मी केव्हाच माफ केलंय."