एका घरातले

लायडनच्या संगणक-बुद्धिबळ स्पर्धेला येताना वीबेने यंदा एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती. एकदा तरी तिनेकेच्या समोर बसायचं. जिंकण्याची आशा त्याने कधीच सोडली होती. (त्याच्या प्रोग्रॅमने तर त्याच्याही आधी.)

तिनेके त्याची बायको. तीही बुद्धिबळाचे प्रोग्रॅमच लिहायची, फक्त तिचे चालायचे. वीबेची मशीनं बेडरूममध्ये रात्रभर घरघरत सराव करायची. त्या घरघरीला कंटाळून गेल्या हिवाळ्यात ती उट्रेख्तला बहिणीकडे गेली, ती गेलीच. फोनवर दोन वाक्यांत आटपायची. आणि वीबे रोज संध्याकाळी सवयीने दोन ताटल्या काढायचा आणि एक परत ठेवून द्यायचा.

पण या स्पर्धेत डोकं मशीन चालवतं आणि पटावरचे मोहरे माणसाने हलवायचे असतात. डाव संपेपर्यंत जागचं उठायचं नाही. म्हणजे तिनेके तासन्‌तास समोर! तेवढ्या वेळात ‘घरी ये’ एवढे दोन शब्द तर तोंडातून बाहेर पडतील, असा त्याचा हिशेब.

आणि नशीब पाहा, यंदा तिनेकेच्या प्रोग्रॅमला काय बाधलं कोण जाणे, तो गडगडत तळाला आला. तळाला वीबे होताच. शेवटच्या फेरीआधी तळाशी तिघांचे गुण सारखे झाले: वीबे, तिनेके आणि डसेलडॉर्फचा एक दंतवैद्य. सारख्या गुणांचे एकमेकांशी खेळतात, एकदा खेळलेले पुन्हा खेळत नाहीत. दंतवैद्याशी हरून झालं होतं. मग राहिलं कोण? वीबेने शर्ट बदलला.

फलकावर जोड्या लागल्या. तिनेके विरुद्ध दंतवैद्य. वीबेपुढे कोणीच नाही. बसल्या जागी एक गुण फुकट.

“हा अन्याय आहे,” तो पंच होगेनडाइक यांना म्हणाला.

“फुकट गुण मिळतोय, आणि अन्याय?” होगेनडाइक वाटाण्याचं सूप फुंकत होते. “अरे, एका घरातले प्रोग्रॅम आपण एकमेकांशी लावत नाही. नवरा बायकोला मुद्दाम जिंकू द्यायचा. नियम तूच सुचवला होतास.”

(सुचवला होता. नव्या लग्नाच्या भरात, आपलं घर एक आहे हे चारचौघांत मिरवायला.)

“पण ती आता उट्रेख्तला असते.”

“म्हणजे घर एक नाही?”

एक आहे म्हणावं तर समोर रिकामी खुर्ची, नाही म्हणावं तर तिनेके. “नाही,” वीबे हळूच म्हणाला.

होगेनडाइकना हळूच असं काही जमत नसे. त्यांनी माइक ओढला. “जोडीत बदल. वीबे आणि तिनेके आता एका घरातले नाहीत. त्यांचा डाव खिडकीजवळ. दंतवैद्यसाहेब, तुम्ही कॉफी घ्या.”

सगळा हॉल वळून बघायला लागला. तिनेके येऊन बसली. वर्षभर डोळ्यांपुढून न हललेला चेहरा हातभर अंतरावर, आणि वीबेचे ते दोन शब्द बेपत्ता.

“प्यादं दोन घरं पुढे,” तो म्हणाला.

“दिसतंय मला.” तिने आपला घोडा काढला. पटावरची नजर काढली नाही. “सकाळी होगेनडाइकनी मलाही विचारलं. घर एकच ना म्हणून.”

“मग?”

“मी हो म्हटलं.”

वीबे ताडकन उठला. (नियमभंग.) “होगेनडाइक, चुकलं माझं. घर एकच आहे.”

“माइकवर सांगू?”

“माइकवर सांगा.”

जोडी मोडली. दंतवैद्याला कॉफी सोडून यावं लागलं. वीबेपुढे पुन्हा रिकामी खुर्ची आली, पण तिनेके उठता उठता त्याच्यापाशी थांबली.

“मशीनं मी आजच शेडमध्ये टाकतो,” तो घाईघाईने म्हणाला.

“अजिबात नाही. बहिणीकडे वर्षभर झोप नाही मला. ती घरघर नसली की डोळाच लागत नाही.”

“आणि माझी आठवण?”

तिनेकेने प्रामाणिकपणे विचार केला.

“त्या आवाजात मशीन कुठलं आणि तुझं घोरणं कुठलं, हे मला कधी कळलंच नाही,” ती म्हणाली. “आता एकेकाला शेडमध्ये ठेवून बघू. आधी तू.”