एकोणीस गावांचा भाचा

मनुष्याला आई एकच असते. परंतु आजोळं किती असावीत, यावर निवडणूक कायद्यानं कोणतीही मर्यादा घातलेली नाही. या सवलतीचा पुरेपूर लाभ १९७९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात बब्रुवान आबाराव यांनी घेतला, आणि त्याचा सगळा भार त्यांच्या मातोश्री गिरिजाबाईंच्या गुडघ्यांवर पडला.

बब्रुवानरावांची जनसेवा बहात्तरच्या दुष्काळात उगवली. (त्या साली दुसरं काही उगवलंच नव्हतं.) गाव खडी फोडत होतं तेव्हा ते मुकादम होते, छत्री धरून देखरेख करीत. राबणारी माणसं पाहून त्यांना असा कळवळा आला, की पुढं जन्मभर दुसऱ्यांच्याच राबण्यावर देखरेख करायची, असं त्यांनी ठरवलं. मग दूध सोसायटी काढली. तिला अध्यक्ष होता, उपाध्यक्ष होता, कपाटाला कुलूप होतं. म्हैस तेवढी नव्हती. आता जिल्हा परिषद.

गटात त्यांचं स्वतःचं गाव सोडून गावं एकोणीस. त्यातली एक चिंचखोरी, गिरिजाबाईंचं खरं माहेर. तिथली मतं एकशे चाळीस. एवढ्यानं काय होतंय? म्हणून पत्रकं एकोणीस तऱ्हेची छापली. मजकूर एकच : ‘माझी आई याच मातीतली.’ वर फक्त गावाचं नाव बदलायचं.

म्हातारी कावली. “आरं बब्र्या, एका बाईला एकोणीस माहेरं? लोकं तोंडात शेण घालतील!”

“आये, तू निस्ती बस स्टेजवर. निवडून आलो की पयला हातपंप चिंचखोरीला. येडाईची आण!”

चिंचखोरीच्या बायका दीड कोसावरून पाणी आणीत. भावजय पुतळाबाईचा पाय त्याच वाटेवर मोडला होता. ते आठवून गिरिजाबाईंचे डोळे भरले, आणि देवभोळी बाई एका हातपंपासाठी खोटं बसायला तयार झाली.

लोकांनी मात्र शेण घातलं नाही. अठरा गावांत नव्यानं मिळालेले भाऊ दोनशे बारा. तिच्यासंगं फुगडी खेळल्याचं आठवणाऱ्या बाया चौतीस. तिच्या वडलांना पाहिलेले एकसष्ट (पैकी चार गावांत ते ठेंगणे, इतरत्र उंच). एका गावी तर बहीण कुणाच्या वाड्यातली, यावरून दोन भावक्यांत काठ्या निघाल्या. भाचा जेवू घातला की शंभर ब्राह्मणांचं पुण्य. मत देणं त्याहून स्वस्त. बब्रुवानराव धो धो निवडून आले.

मग गावोगावचे मामा हातपंप मागायला आले. बब्रुवानरावांनी एकेकाचे पाय धरले, कानाला हात लावले. “मामा, भाच्याला द्यायचं असतं. भाच्याकडून घेऊन हे पाप कुठं फेडताल?”

मामा शरमले. धर्माचं बोलणं, काय खोटं आहे? जाताना भुईमुगाची पोती ठेवून गेले.

शेवटी सख्खा मामा श्रीपती आला. गिरिजाबाई दारात उभ्या होत्या.

“ते अठरा गावचे मानलेले, मामा,” बब्रुवानराव गहिवरून म्हणाले, “तुमी तर रक्ताचे! तुमाला दिलं तर मला नरकात बी जागा न्हाय.”

हातपंप बब्रुवानरावांच्या खळ्यात बसला. आपल्या गावात ते कुणाचेच भाचे नव्हते, त्यामुळं तिथं धर्म आडवा येत नव्हता.

“मेल्या, आईची बी पत्रावळ केलीस व्हय?” एवढंच गिरिजाबाई बोलल्या. बोचकं उचललं आणि चिंचखोरीला गेल्या. लंगड्या भावजयीच्या वाटची घागर आता त्या आणू लागल्या.

पुढल्याच उन्हाळ्यात विधानसभा लागली. बसवराज नावाचे नवे उमेदवार चिंचखोरीच्या पारावर बोलायला उभे राहिले, तोच गिरिजाबाई भरल्या घागरीनिशी पुढं झाल्या.

“सायेब, बाकीचं राहू द्या. पाण्याचं काय करणार, ते सांगा.”

सगळा पार उसळला, श्रीपतीसकट. “आक्के, दम धर की! आधी पावणं कुठलं, कुणापैकी, ते तर कळू दे!”

अडाणी लोक, असं म्हणून आपण हसत असाल तर हसा बापडे. पण चिंचखोरीला पाणी आलं का, हे विचारायच्या आधी आपल्यालाही मघापासून एक चुटपुट लागून राहिली आहे : या बब्रुवानरावांचं आडनाव काय?