खिळ्यांसाठी घेतलेला डबा

वाचनालयाच्या सभागृहात जुन्या वस्तूंची विक्री लागली होती. दूरदेशी पाव भाजून विकणाऱ्या एका बाईला भट्टीसाठी छोटं कर्ज द्यायचं, म्हणून ही सगळी खटपट. तिचा फोटो दारात लावला होता आणि खाली ठळक अक्षरांत फलक होता, 'लहान धंद्यांना छोटी कर्जे'. जमलेली रक्कम उद्या सकाळी कर्ज पोचवणाऱ्या संस्थेत भरायची होती. नाहीतर बाईची भट्टी थेट पुढच्या वर्षावर.

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. गल्ल्याच्या पेटीवर चोराचा पहिला डोळा असतो, हे त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांनी सगळ्या नोटा बिस्किटांच्या एका गंजक्या डब्यात भरल्या आणि संशय येऊ नये म्हणून तो डबा विक्रीच्याच टेबलावर, जुन्या डब्यांच्या रांगेत ठेवला. टेबल सांभाळणाऱ्या बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. मग निर्धास्तपणे चहाला गेले.

परत येऊन बघतात तर रांगेत एक डबा कमी.

"अगं, इथला गंजका डबा कुठाय?"

"विकला की! चांगला दहाला!" बायको खुशीत म्हणाली.

खजिनदार मटकन खाली बसले. "त्यात सगळे पैसे होते गं!"

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर गुपित कसलं राहिलं?"

समितीच्या अध्यक्षा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा पुसला. "भांडण नंतर. घेणारा कोण होता?"

"गर्दीत कोण बघतंय, बाई? खिळे ठेवायला हवाय म्हणाला, एवढं आठवतं."

खिळे म्हणजे सुतार. तिघं सुताराकडे धावली. त्याने शांतपणे रंधा खाली ठेवला. "सतरा डबे आहेत माझ्याकडे. खुशाल बघा. पण उपसलेले खिळे मापाप्रमाणे लावून द्यायचे." खजिनदारांनी सतरा डबे उपसले, सतरा लावले आणि चार बोटांना टोचून घेतलं. पैसे नाहीतच. आता त्या बाईला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्यांना रडू फुटायचं बाकी होतं.

सभागृहात परतले, तर कोपऱ्यावरचा चप्पल दुरुस्त करणारा डबा पोटाशी धरून उभा.

"किती वेळ थांबलोय! सही कुठं करू?"

"कसली सही?"

"कर्जाची. फलक वाचला, डबा घेतला, घरी उघडला तर आत पैसे. म्हटलं, काय झटपट काम आहे! पण सहीशिवाय पैसे ठेवणं बरं नाही. आणि एवढं कर्ज मला झेपायचंही नाही. निम्मं परत घ्या."

खजिनदारांनी नोटा मोजल्या. एकही कमी नव्हती. त्यांनी त्या माणसाला कडकडून मिठीच मारली. बायकोने डोळे पुसले आणि मुख्याध्यापिकांनी डबा आपल्या ताब्यात घेतला. मग त्यांनी त्याला भट्टीची सगळी हकिगत सांगितली.

त्याने दारातला फोटो जवळून निरखला. कपाळाला आठी पडली.

"बाईंची नीट चौकशी केलीय ना? नाही, राग मानू नका. पण तुम्ही लोक कुणालाही देता, म्हणून विचारलं."