सुवाच्य धुलाई

धंद्यात चारचौघांत उठून कसं दिसावं, हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारावं. मी जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवला, धंदा एकदाही केला नाही. त्यामुळे या विषयात माझं डोकं कोऱ्या पाटीसारखं आहे, आणि कोऱ्या पाटीवरच अक्षर छान उमटतं!

आमचे जावई प्रेशर मशीनने भिंती, फरश्या, गच्च्या धुऊन देतात. लहानपणी ते माझ्याच वर्गात होते. त्यामुळे जेवायला बसले की मी त्यांना 'जावईबापू, तुम्ही' म्हणतो आणि काही समजावून सांगायचं असलं की 'तू' म्हणतो. ते दोन्ही वेळा मला 'सर' म्हणतात. माणूस कष्टाळू. फक्त अक्षर असं, की कोंबडी पाय न पुसता वहीवरून चालत गेली असावी. मुलगी दिली तेव्हा मी तेवढ्याकडे डोळेझाक केली.

पूर्वी ते एका बड्या धुलाईवाल्याकडे कामाला होते. त्याला सगळे फवारेशेठ म्हणतात. जावयांनी स्वतःचं मशीन घेतलं तेव्हा शेठ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझा रेनकोट खुंटीवर राहू दे. लागेल."

त्या रेनकोटाने जावयांची झोप उडवली. कारण धुणारे सगळे सारखेच. सगळ्यांच्या पत्रकावर तोच चकाकणारा बंगला आणि तीच 'कामाची खात्री'. त्यात आमच्या मागच्या वसाहतीचं वर्षभराचं काम निघालं: कंपाउंडची लांबलचक भिंत, जिने, पार्किंग, सगळं. रविवारी सभेत निर्णय. काम मिळालं तर स्वतःचं मशीन, नाही मिळालं तर शेठचा रेनकोट, इतकं सरळ होतं.

"सर, मी वेगळं काय करू?" त्यांनी विचारलं.

"सांगू नकोस, दाखव," मी म्हणालो. मुलाला गोड म्हणजे काय हे कुणी सांगत बसत नाही, जिभेवर साखर ठेवतात. वसाहतीच्या काळ्याकुट्ट भिंतीवर मधोमध एक चौकोन धुवायचा. पांढराशुभ्र. बाकीची भिंत आपोआप लाजेल.

वसाहतीच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली. जावयांनी मशीन लावलं आणि तेवढ्यात त्यांना फोन आला. एका गॅरेजच्या फरशीवर तेल सांडलं होतं. मी म्हटलं, तू जा, एका चौकोनाला काय लागतं? त्यांनी मला मशीनच्या पाण्याच्या बंदुकीचा घोडा कसा दाबायचा ते दाखवलं, पाइपाचं एक बारीक नोझल आणि एक रुंद नोझल हातात दिलं, आणि जाताना तीनतीनदा बजावलं, "सर, चौकोन. फक्त चौकोन."

पहिल्या दणक्यात माझी एक चप्पल भिंतीपलीकडे गेली. ती सेक्रेटरींनी आणून दिली. पुढे मात्र हात बसला. चौकोन झाला. फक्त त्याच्या कडा सरळ येईनात, म्हणून मी बारीक नोझल लावलं.

आणि काळ्या भिंतीवर पांढरी रेघ उमटली.

निवृत्त झाल्यापासून मी फळ्याला पारखा झालो होतो. इथे रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फळा होता, आणि हातात कधी न झिजणारा खडू. मी ठरवलं, नुसता चौकोन कशाला? 'अशी धुलाई हवी असल्यास संपर्क साधा' असं लिहू आणि खाली जावयांचा नंबर टाकू. पण फळ्यावर एकदम विषयाला हात घालायची मला सवय नाही. आधी उजव्या कोपऱ्यात वार आणि तारीख. मग मधोमध सुविचार. मग सुविचाराखाली रेघ. 'स्वच्छता हाच खरा दागिना' यातली शेवटची वेलांटी— नाही, शेवटी वेलांटी नाही, काना आहे, आणि तो असा काही सुरेख उतरला की मी जरा मागे जाऊन पाहत राहिलो. नंबर लिहायला गेलो तेव्हा टाकीतलं पाणी संपलं.

टाकी भरेपर्यंत शाळा सुटली. एक चिमुरडी दप्तरासकट थांबली आणि म्हणाली, "आजोबा, पाण्याने 'क' पण येतो का?"

असा प्रश्न मला विचारू नये. मी 'क' काढला. मग शेजारच्याला 'ख' हवा झाला. आणि मुलाला 'ख'वर सोडून घरी जाणारा शिक्षक मी नव्हे. मुलांनी अक्षर म्हणायचं, मी काढायचं. मधूनच 'अ'पासून स्वर घेतले, ते राहून गेले होते. दिवस मावळायला आला तेव्हा मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला 'ज्ञ'पाशी होतो.

जावई आले. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

"सर, नंबर कुठंय?"

"तो उद्या घेऊ."

"आणि चौकोन?"

चौकोन जागच्या जागी होता. 'भ' आणि 'म' यांच्यामध्ये, गाळलेल्या अक्षरासारखा.

जावई आरडाओरडा करणाऱ्यांतले नाहीत. ते म्हणाले की हरकत नाही, सकाळी अख्खी भिंतच धुतो, मग तोच नमुना. सकाळी त्यांनी बंदूक उचलली आणि 'अ'वर रोखली. 'अ'समोर एक मुलगा उभा होता आणि बोटाने तो गिरवत होता. त्याची आई शांतपणे सांगू लागली, की हा वर्षभर पेन्सिलीला हात लावायला तयार नव्हता, आणि काल संध्याकाळपासून इथून हलत नाही, नखांत शेवाळ गेलंय तरी. बोलता बोलता आणखी चारपाच आया जमल्या.

"धुवायचंच असेल तर आधी आम्हाला धुवा," त्यातली एक म्हणाली.

जावयांनी मशीन बंद केलं.

रविवारच्या सभेत पहिला ठराव झाला की भिंत धुवायची नाही. फवारेशेठ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते लगेच म्हणाले, की बाकी सगळं आम्ही धुऊ, पण भिंतीला आमचा माणूस बोटही लावणार नाही, याची खात्री. मग जावयांना विचारलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी उभा राहिलो. घरचं माणूस म्हणून दोन शब्द बोलणं भागच होतं. मी सोप्या भाषेत समजावलं, की अक्षर दिसतं ते भोवतालच्या काळिम्यामुळे. मळ गेला की अक्षर गेलं. तेव्हा मळाला तुच्छ लेखू नये, तो जपावा, जिन्यातसुद्धा पाढ्यांना उपयोगी पडेल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "सरांच्या घरची खासियत मळ राखण्यात दिसते. धुवायचं काम आपण शेठनाच देऊ."

बाहेर पडताना शेठनी जावयांच्या पाठीवर थोपटलं. "रेनकोट झटकून ठेवतो," म्हणाले.

त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "जावईबापू, भाजी घ्या." ते म्हणाले, "नको, सर." मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मीही घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाले; नंबर लोक सेक्रेटरींकडून घेत. आधी एका बालवाडीचा, मग मुलांच्या डॉक्टरांचा, मग आणखी एका वसाहतीचा. 'काळ्या भिंतीवर लिहून देणारे तुम्हीच ना?' हे काम दुसरा कुणीच करत नव्हता. करायचं सुचलंही नसतं. आता जावई फोनवर विचारतात, "भिंत पुरेशी मळलेली आहे ना?" स्वच्छ भिंतवाल्यांना ते नम्रपणे नकार देतात आणि दोन पावसाळे थांबायला सांगतात. धंद्यात उठून दिसणं म्हणतात ते हेच!

फक्त एक अडचण होती. अक्षर माझं. या वयात मी शिडीवर, आणि जावई खाली शिडी धरून. मालक म्हणून ते फार कडक आहेत. "सर, गोष्ट नंतर. अजून 'ढ' व्हायचाय," असं मुलांदेखत म्हणतात. शेवटी मीच म्हणालो, "ये, गिरवायला बस."

सरावाला आमच्याच घराची बाजूची भिंत घेतली. ती कित्येक वर्षं धुतलेली नव्हती, म्हणजे उत्तम होती. जावई रोज कामावरून आले की तिथे 'अ' काढत. पहिला 'अ' बसलेल्या उंटासारखा आला. नंतरचे उंट उठले, मग थोडे चालले. आणि एका संध्याकाळी असा 'अ' उतरला की मी नुसता पाहत राहिलो. "शाब्बास," मी म्हणालो. पहिलीत असताना हा शब्द मी त्यांना एकदाही म्हटला नव्हता. ते बराच वेळ नोझल पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बालवाडीचं काम आटपून घरी आलो, तर बाजूची भिंत पांढरीशुभ्र! अंगणात फवारेशेठ पाइप गुंडाळत होते. माझ्या बायकोने त्यांना फोन करून बोलावलं होतं. घरात दोन धुणारे आणि भिंत काळी, हे तिला आता सोसवत नव्हतं म्हणे.

शेठनी गाडीतून रेनकोट काढला आणि आमच्या दाराच्या खिळ्याला अडकवला. "खुंटी अडून राहते," ते जावयांना म्हणाले. "तू काही आता येत नाहीस."

ते गेल्यावर जावई कितीतरी वेळ तो रेनकोट चाचपत होते. मी भिंतीजवळ जाऊन बारकाईने पाहिलं. डाग नाही, ओघळ नाही. काम चोख होतं, हे मान्य करायलाच हवं.

"फक्त," मी बायकोला म्हणालो, "हिच्यावर आता काही लिहिता येणार नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली.