काडीवरची रेघ

जावईबापूंनी ठरवलं, कैलासवासी सासऱ्यांच्या मोटारसायकलचं इंजिन ऑइल आपणच बदलायचं. एवढ्यासाठी खरं तर कोपऱ्यावर मेकॅनिक होता. पण गाडी कुणाला द्यायची, जावयाला की मेहुण्याला, हे सासूबाई त्याच संध्याकाळी सांगणार होत्या, आणि मेहुणा पडला फिटर. जावईबापू पडले कारकून. ऑफिसातल्या त्यांच्या खुर्चीचा एक बोल्ट ढिला होता आणि गेली सहा वर्षं ते त्या खुर्चीत जपून बसत होते. गाडी मात्र त्यांना मनापासून हवी होती. (सासऱ्यांनी ती त्यांना कधी पुसूही दिली नव्हती.)

दुपारी घर आडवं झालं, तसे ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरले. घरातून शेडमध्ये उघडणाऱ्या दाराच्या चौकटीवर, खिळ्याला सासऱ्यांचा कोट अजून लटकत होता, कोपरापाशी वाकलेला, आत हात असल्यासारखा. त्याच्याकडे पाठ करून त्यांनी इंजिन तापवलं, गाडी साइड स्टँडवर कलती केली, खालचा नट सोडला. काळंभोर ऑइल टबात उतरलं. मग नट आवळून नवं ऑइल मापानं ओतलं आणि ऑइल बघायची काडी आत बुडवली.

ऑइल रेघेच्या पार खाली.

"मापून तर ओतलं," असं पुटपुटत त्यांनी रेघ गाठेपर्यंत आणखी ओतलं आणि हात धुवायला गेले.

परत येऊन बघतात तर गाडी मधल्या स्टँडवर ताठ उभी. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. इंजिन निवत होतं, टिक, टिक. त्यांनी काडी घातली. ऑइल रेघेच्या दोन बोटं वर आलं होतं. त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. (डोक्यावरचेही राहिले असते, पण तिथे आता फारसं कुणी उरलं नव्हतं.)

त्यांनी गाडी पुन्हा कलती केली, वाटीभर ऑइल काढलं, काडी बुडवली. कोरडी ठणठणीत. काढलं वाटीभर आणि नाहीसं झालं चार वाट्या! उरलेलं ऑइल भसाभसा आत ओतून ते तडक बायकोच्या उशाशी गेले.

"अगं, बाबा गाडीपाशी यायचे का?"

"रोज," ती डोळे न उघडता म्हणाली. "गाडी कलती दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. पाच मिनिटांत ती सरळ झालेली असायची."

"अजूनही होते," जावईबापू म्हणाले. पण ती घोरायला लागली होती.

ते परतले. गाडी सरळ होती. कोट हलत होता, आणि वारा तर नव्हता. जावईबापूंनी कोटासमोर हात जोडले.

"बाबा, चुकलो. टाकीवरचा तो ओरखडा मेहुण्यानं नाही, मी पाडला होता. तुम्ही झोपलात म्हणून एक चक्कर मारली होती. गाडी त्यालाच द्या. फक्त ते ऑइल खालीवर करणं थांबवा."

"ते खालीवर होणारच," कोटामागून आवाज आला.

जावईबापू टबात बसले.

कोट बाजूला सारून घराच्या मागच्या दारातून सासूबाई पुढे आल्या. पदर खोचलेला होता. "गाडी कलली की ऑइल एका अंगाला जातं. काडी गाडी सरळ उभी करून बघायची असते. मी दर खेपेला सरळ करून ठेवत होते. म्हटलं, कधीतरी डोक्यात उजेड पडेल."

"आई, तुम्ही? एवढी जड गाडी?"

"तीस वर्षं मीच चढवतेय. ऑइलही मीच बदलायची. त्यांना कुठे काय येत होतं? म्हणून तर कुणाला हात लावू देत नसत." बोलता बोलता त्यांनी जास्तीचं ऑइल काढलं, काडी बघितली. रेघेला रेघ. मग सीटवरून त्यांनी हात फिरवला आणि तो तिथेच ठेवला.

जावईबापू टबातून उठले. "मी मेहुण्याला फोन करून कळवतो. गाडी घेऊन जा म्हणतो."

"त्याला कशाला? तो सगळं आपल्या हातानं करील. गाडी एकदा गेली की गेली, मग मला ती कुठली दिसायला?" सासूबाईंनी किल्ली त्यांच्या तेलकट तळहातावर ठेवली. "तुम्हीच न्या. तुमच्या हातून काही व्हायचं नाही, दर महिन्याला घेऊन याल."